दरड का कोसळते? बदलता पाऊस आणि आपला डोंगर



माझी शाळा रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. निम्मी मुलं गावातली आणि निम्मी डोंगराच्या कुशीतल्या वाडीतून चालत येणारी. दरवर्षी परिसर अभ्यासाच्या तासाला पाऊस शिकवताना मी ढग, बाष्प, जलचक्र एवढं सांगून पुढे जायची. मग एका पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आमची वाडी पण पडेल का?"

वर्ग एकदम गप्प झाला. मी म्हणाले, "नाही गं, काही होत नाही." आणि फळ्याकडे वळले. पण घरी आल्यावर मनाला लागलं. कारण 'काही होत नाही' हे मी कशाच्या आधारावर सांगितलं होतं? मला माहीतच नव्हतं. तिला खोटा धीर दिला होता. त्यानंतर वाचून, विचारून, करून बघून जो पाठ तयार झाला तो इथे देत आहे. तिसरी ते आठवीपर्यंत कमी-जास्त करून घेता येईल. पालकांनीही जरूर वाचावा.

१) उतार टिकून कसा राहतो?

सुरुवात मुलांच्या ओळखीच्या घसरगुंडीपासून करा. घसरगुंडीवर बसलेल्या मुलाला पृथ्वी खाली ओढते आणि पत्र्याशी होणारं घर्षण त्याला अडवतं. उतार कमी असेल तर घर्षण जिंकतं आणि मूल अडकून बसतं. उतार जास्त असेल तर ओढ जिंकते. डोंगरउतारावरची माती, मुरूम आणि दगडगोटेही असेच बसलेले असतात. त्यांना दोन गोष्टी धरून ठेवतात. एक म्हणजे कणाकणांमधलं घर्षण आणि दुसरी म्हणजे कणांची एकमेकांना असलेली चिकटण.

आपला सह्याद्री बेसॉल्ट म्हणजे काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून तो तयार झाला. ऊन-पावसाने वरचा कातळ कुजत जातो, त्याचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते. म्हणजे खाली घट्ट कातळ आणि त्यावर सैल मातीची गोधडी, अशी बहुतेक उतारांची रचना असते. आपल्याकडच्या अनेक दरडींमध्ये ही गोधडीच कातळावरून सरकते.

२) पाणी नेमकं काय करतं?

मुलांना वाटतं, पाणी माती 'धुऊन नेतं' म्हणून दरड पडते. माझाही तोच समज होता. धूप आणि दरड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूप वरून होते. दरडीची तयारी आतून होते.

पहिली गोष्ट, वजन वाढतं. इथे एक गणित घ्या. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तर १०० मिलिमीटर पाऊस झाला की एका गुंठ्यावर किती पाणी पडलं? सुमारे १० हजार लिटर! म्हणजे एक मोठा टँकर. त्यातलं काही वाहून जातं, काही मुरतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की जड होते, हे खेड्यातल्या मुलांना लगेच पटतं. म्हणजे पाणी तिचा काही भार उचलून धरत होतं. मातीच्या कणांचंही तसंच. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की आतलं पाणी कणांना उचलू लागतं. कण एकमेकांवर पूर्वीइतके दाबून बसत नाहीत, त्यामुळे घर्षण कमी होतं. वजन वाढलेलं आणि पकड सुटलेली, अशी दुहेरी अडचण होते.

तिसरी गोष्ट वाळूच्या किल्ल्याची. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही. ओलसर वाळूचा छान होतो, कारण थोडं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. पण त्यावर बादली ओतली की किल्ला बसतो. म्हणून 'पाण्यामुळे माती चिकटते' आणि 'पाण्यामुळे माती सुटते' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. पाणी किती, यावर ते ठरतं.

३) तीन ट्रेंचा प्रयोग

साहित्य : रिकामे पत्र्याचे तेलाचे डबे उभे कापून केलेले तीन ट्रे (कापण्याचं काम मोठ्यांनी करावं, कडा ठोकून घ्याव्यात), जाड प्लास्टिकचा कागद, लाल माती, विटा, झाकणाला भोकं पाडलेल्या बाटल्या, काड्यापेट्यांची घरं.

ट्रेच्या तळाला प्लास्टिक अंथरा. हा आपला कातळ. त्यावर चार बोटं मातीचा थर द्या. ट्रेचं एक टोक विटांवर ठेवून तिन्हींना सारखाच चढ द्या आणि खालचं टोक उघडं ठेवा. मातीवर काड्यापेट्या ठेवा. प्रत्येक ट्रेला पाणी तेवढंच, दोन लिटर.

पहिला ट्रे : दोन लिटर पाणी थोडं थोडं, दिवसभर, प्रत्येक तासाला एकदा.
दुसरा ट्रे : कोरड्या मातीवर दोन लिटर एकदम.
तिसरा ट्रे : एक लिटर हळूहळू, माती पूर्ण भिजेपर्यंत. मग उरलेलं एक लिटर एकदम.

आमच्या वर्गात काय झालं? पहिल्यात पाणी खालून झिरपत राहिलं, घरं जागेवर. दुसऱ्यात बरंचसं पाणी वरूनच वाहिलं, मातीत ओघळ पडले, पण थर हलला नाही. तिसऱ्यात आधी वरच्या बाजूला मातीत आडवी भेग दिसली आणि मग मातीचा अख्खा थर काड्यापेट्यांसकट खाली आला. मुलं आधी ओरडली, मग शांत झाली. (आपल्याकडच्या मातीप्रमाणे चढ आणि पाणी कमी-जास्त करावं लागेल. आधी घरी करून बघा.)

मी फळ्यावर लिहिलं, "तिन्ही ट्रेंमध्ये पाऊस किती पडला?" उत्तर आलं, "सारखाच!" मग "फरक कशाने पडला?" एक मुलगा म्हणाला, "बाई, भिजलेल्यावर एकदम आला ना." त्याच्या या एका वाक्यात सगळा पाठ आला. पाऊस एकूण किती पडला एवढ्याने भागत नाही. तो कसा पडला आणि त्याआधी जमीन किती भिजलेली होती, हे बघावं लागतं.

४) पाऊस कसा बदलतोय?

आपण मुलांना वार्षिक सरासरी शिकवतो. महाबळेश्वरला इतके, सोलापूरला इतके मिलिमीटर. परीक्षेला ते ठीक आहे, पण डोंगर सरासरीने भिजत नाही. वर्षाची बेरीज तेवढीच राहूनही पाऊस थोड्या दिवसांत कोंबून पडला, तर आपण तिसऱ्या ट्रेकडे सरकतो.

आणि तसंच होताना दिसतंय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचाही भाग येतो, १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असं त्यात आढळलं. आणि गंमत म्हणजे त्याच काळात तिथला पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. हा आकडा एकट्या सह्याद्रीचा नाही हे मुलांना सांगा, पण दिशा कळते.

कारण काय? हवा जितकी गरम तितकी ती जास्त बाष्प धरू शकते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्रही तापतो आहे. तिथून भरून आलेले वारे सह्याद्रीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. ढगाची पखाल मोठी झाली की ती रिकामी होतानाचा लोंढाही मोठा असतो.

एक उदाहरण बघा. २२ ते २३ जुलै २०२१ या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एका गुंठ्यावर सहा टँकर, एका दिवसात! त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात बहुतेक वर्षी वर्षभर मिळूनही इतका पाऊस पडत नाही.

५) आपल्या डोंगराने सांगितलेलं

या घटना मुलांपुढे मांडताना भीती वाटेल असे फोटो दाखवू नका. नकाशा लावा, तारखा लिहा आणि काय सारखं आहे ते त्यांना शोधू द्या.

• जुलै २००५, महाड तालुका : जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. दोनशेच्या जवळपास माणसं गेली. त्याच पावसात २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता.
• ३० जुलै २०१४, माळीण, आंबेगाव तालुका, पुणे : सकाळी अख्खं गाव गाडलं गेलं. १५१ जणांचा मृत्यू झाला. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्यांना ही बातमी कळली.
• २२ जुलै २०२१, तळिये, महाड तालुका : ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथेही दरडी आल्या.
• १९ जुलै २०२३, इर्शाळवाडी, खालापूर तालुका : रात्री लोक झोपेत असताना इर्शाळगडाच्या उताराची माती ठाकर आदिवासींच्या वाडीवर आली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले.
• ३० जुलै २०२४, वायनाड, केरळ : आपल्याच पश्चिम घाटाचा दक्षिणेकडचा भाग. आधीच चिंब भिजलेल्या जमिनीवर एका दिवसात १४० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि दोनशेहून अधिक जीव गेले. हवामान बदलामुळे हा पाऊस सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाला, असा शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाचा अंदाज आहे.

आमच्या मुलांनी लगेच शोधलं, "बाई, सगळ्या तारखा जुलैच्या शेवटाकडच्या!" असं का असावं? जून आणि अर्धा जुलै जमीन भिजत असते. तेव्हा ती तिसऱ्या ट्रेचं पहिलं लिटर पीत असते. नंतर जो एकदम येतो, ते दुसरं लिटर. (ऑगस्टमध्ये आणि परतीच्या पावसातही दरडी पडतात, म्हणून फक्त जुलैच धोक्याचा असा समज करून देऊ नका.)

इर्शाळवाडीची एक गोष्ट मात्र मोठ्यांनी नीट लक्षात घ्यावी. ती वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यादी उपयोगाची असते, पण यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असं नाही.

६) सगळा दोष पावसाचा का?

नाही. पाऊस बदलतोय म्हणून आपले हात झटकता येणार नाहीत. उताराचा पायथा म्हणजे डोंगराचा टेकू. रस्त्यासाठी किंवा घरासाठी पायथा उभा कापला की टेकू जातो. उतारावर यंत्राने सपाटीकरण केलं, पाण्याच्या जुन्या वाटा बुजवल्या, तर पाणी वाहून जाण्याऐवजी आत मुरतं. माळीणनंतर अशा सपाटीकरणावर बरीच चर्चा झाली होती. पूर्वी जो कापलेला उतार साध्या पावसात तगला असता, तो आताच्या पावसात तगेलच असं नाही.

आणि झाडं? 'झाडे लावा, दरड टाळा' अशी घोषणा आपण प्रभातफेरीत देतो. ती अर्धी खरी आहे. मुळं वरच्या मीटर-दोन मीटर मातीला शिवून ठेवतात, झाडं पाणी शोषतातही. उथळ दरडी त्यामुळे नक्की कमी होतात. पण घसरणीची पातळी मुळांच्या खाली असेल, तर झाडं उभीच्या उभी मातीबरोबर खाली येतात. इर्शाळवाडीच्या आसपास जंगल होतंच. म्हणून झाडं लावूच, पण झाडं आहेत म्हणून निर्धास्त राहायचं, असं मुलांना शिकवू नका.

७) शाळेत करण्यासारखे उपक्रम

पावसाची वही : सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा, नरसाळ्यासारखा बसवा. तळाला खडे टाकून तेवढ्या भागापर्यंत पाणी भरा आणि तिथे पट्टीचा शून्य लावा. उघड्या जागी, झाड-छपरापासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा. हवामान खात्याची वेळही तीच आहे. मग तीन रकाने करा : आजचा पाऊस, गेल्या तीन दिवसांची बेरीज, १ जूनपासूनची बेरीज. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बेरजेचा सरावही होतो.

शब्द समजून घेणे : २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे महसूल खात्याच्या हिशेबाने अतिवृष्टी. हवामान खातं ११५ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला अति मुसळधार, तर २०४ च्या वरच्याला त्याहून तीव्र धरतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा.

डोंगर वाचणे : पुढील खुणा मुलांना पाठ हव्यात. उतारावर किंवा अंगणात नवीन भेगा, झाडं किंवा विजेचे खांब कलणे, भिंतीला तडे, दारं-खिडक्या अचानक घट्ट होणे, नसलेल्या ठिकाणी झरा फुटणे, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणे, पाऊस चालू असूनही ओढ्याचं पाणी अचानक कमी होणे, डोंगरातून दगड गडगडल्याचा आवाज. यातलं काहीही दिसलं की आधी मोठ्यांना सांगायचं. ओढ्याच्या किंवा घळीच्या दिशेने खाली पळायचं नाही, बाजूला सरकायचं. मदतीसाठी ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

८) "काय पडला?"

गेल्या जुलैत आमच्या वहीतला मधला रकाना फुगत चालला होता. त्यात लाल इशारा आला. सरपंच, ग्रामसेवक आणि आम्ही दोघी शिक्षिका वाडीत गेलो. लोक यायला तयार नव्हते. त्यांचंही बरोबर होतं. गुरं कोण बघणार? लावणी अर्धवट. एक आजोबा म्हणाले, "बाई, आमच्या बापजाद्यांनी हितंच पावसाळे काढले. डोंगूर कधी हालला न्हाय." शेवटी मुलांनीच घरच्यांना ओढून आणलं. दोन रात्री सगळी वाडी शाळेत झोपली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. डोंगर जागच्या जागी! परत जाताना आजोबा हसून म्हणाले, "काय वो बाई, काय पडला?"

मी काही बोलायच्या आत त्यांची नात म्हणाली, "आजा, तुमच्या बापाच्या येळचा पाऊस आता हाय का?" तीच मुलगी, जिने मला पहिला प्रश्न विचारला होता. ती आता पाचवीत आहे.

आजोबांचा अनुभव खोटा नाही. पण तो जुन्या पावसाचा अनुभव आहे. शंभर वर्षं टिकलेला उतार शंभर वर्षांच्या पावसाला टिकला, एवढंच त्यातून कळतं. आता येणारा पाऊस त्याच्या ओळखीचा नाही. म्हणून तिच्या पहिल्या प्रश्नाला आता मी असं उत्तर देते, "पडेलच असं नाही आणि पडणारच नाही असंही नाही. पण कधी सावध व्हायचं, हे आपल्याला कळू शकतं."

अडचण संपलेली नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा इशारा आला, तेव्हा दोन घरं शाळेत आली नाहीत. एकदा काही पडलं नाही की दुसऱ्या वेळी माणूस उठत नाही. म्हणून यंदा मे महिन्यातच वाडीत पालकसभा घेतली, तिसरा ट्रे तिथेच करून दाखवला. गुरांना कुठे बांधायचं, म्हातारी माणसं कशी आणायची, शाळेत चूल कुठे मांडायची हे आधीच ठरवलं. काहीही न पडलेली रात्र ही वाया गेलेली रात्र नसते, हे मुलांना पटलं आहे. मोठ्यांना पटायला अजून काही पावसाळे जातील. तोवर वही चालू ठेवायची.

आपल्याही शाळेजवळ डोंगर असेल, तर यंदा १ जूनला पहिली नोंद जरूर करा. बाटली, पट्टी आणि एक शंभर पानी वही, एवढंच लागतं.